भिंतीवरचं चित्र कुणाचं? तालुक्याच्या गावातल्या एका समूह प्रदर्शनाचं प्रकरण

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात लोकवर्गणीवर चालणारं एक कला केंद्र आहे. संक्रांतीच्या आठवड्यात त्या केंद्राने नवोदित चित्रकारांचं समूह प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाच्या कार्यक्रमात एका विश्वस्तांनी व्यासपीठावरून जाहीर केलं, की प्रमुख पाहुण्यांना आवडलेलं चित्र केंद्राच्या वतीने त्यांना सप्रेम भेट देण्यात येत आहे. टाळ्या झाल्या. ते चित्र काढणारी मुलगी तिसऱ्या रांगेत बसलेली होती. तिला कुणी विचारलेलं नव्हतं. शिवाय चित्राखालच्या चिठ्ठीवर 'विक्रीसाठी नाही' असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

निवड आणि मांडणी या दोन्ही कामांत मी होते, त्यामुळे पुढचं सगळं जवळून पाहिलं. गावाचं, केंद्राचं, माणसांचं नाव देत नाही, कारण ही सगळी माणसं आजही रोज एकमेकांना भेटतात. पण प्रकरण लिहून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे चित्र भेट देण्याची हौस मोठी आहे. चित्र काढणाऱ्याला आधी विचारायची सवय मात्र फारशी नाही. हौशी संस्था चालवणाऱ्या प्रत्येकावर असा प्रसंग कधी ना कधी येतो.

आधीची परिस्थिती

अजिंठा मराठवाड्यात आहे. 1983 पासून ती लेणी जागतिक वारसा यादीत आहेत आणि तिथली चित्रं बघायला जगभरातून लोक येतात. शासकीय चित्रकला महाविद्यालयही छत्रपती संभाजीनगरला आहे. पण परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव या बाजूच्या पोराला आपलं चित्र चार लोकांना नीट भिंतीवर लावून दाखवायचं असेल, तर बहुधा पुण्या-मुंबईकडेच बघावं लागतं. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली सुरू झाली. तिथे अर्ज केल्यावर नंबर लागायला वर्षं जातात. नंबर लागलाच, तर भाडं, फ्रेमा, चित्रांची वाहतूक आणि आठवडाभर मुंबईत राहण्याचा खर्च. कोरडवाहू चार एकरांच्या घराला हे झेपणारं नाही.

चित्र काढणाऱ्या मुलांची मात्र वाण नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना गावोगावच्या शाळांतून मुलं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर देतात आणि दहावीला त्याचे वाढीव गुण मिळवतात. दहावी झाली की बहुतेकांचा ब्रश सुटतो. ज्यांचा सुटत नाही ते एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करतात आणि शिक्षक भरतीची वाट बघत बसतात. तोवर कुणी फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करतं, कुणी शाळांच्या भिंतींवर पाढे आणि नकाशे रंगवतं, कुणी लग्नाच्या मंडपात रांगोळी घालतं. केंद्राने 'नवोदित' म्हणून ज्यांना बोलावलं ते हे लोक. त्यांच्या हातात कसब आहे आणि ते रोज विकलंही जातं, पण दुसऱ्याच्या नावाने.

केंद्र म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं एक गोदाम. जाड भिंती, वर पत्रा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेली संस्था ते चालवते. तबल्याचा वर्ग, उन्हाळ्यात मुलांचं चित्रकला शिबिर, श्रावणात भजन स्पर्धा. पैशाची तंगी कायमची. विश्वस्तांत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, एक वकीलबाई आहेत आणि मंडपाचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ आहेत, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. अण्णांचं केंद्रावरचं ऋण मोठं आहे. खुर्च्या, माइक, पडदे, जनरेटर, यातल्या कशाचंही बिल त्यांनी केंद्राला कधी लावलेलं नाही. व्यासपीठावरून घोषणा केली ती अण्णांनीच. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना कुणी त्यांना खलनायक ठरवणार नाही.

निवड

आवाहन व्हॉट्सअपवरून फिरवलं. अट एवढीच, की वय 35 च्या आत आणि राहणं मराठवाड्यात. चित्रांचे फोटो यायला लागले तेव्हा निवड समितीचे चेहरे उतरले. डोळ्यांत चमक असलेले वाघ, पाण्यात पडलेलं चंद्राचं प्रतिबिंब, कॅलेंडरवरचे राधाकृष्ण, इथल्या मातीत कधी न उगवलेली जांभळ्या फुलांची शेतं. मोबाइलवर बघून जशीच्या तशी उतरवलेली. हात सफाईदार, पण बघणारा डोळा दुसऱ्याचा.

समितीत एकाचं म्हणणं होतं की नक्कल सरळ बाद करावी. मला ते पटलं नाही. ज्या मुलाला आजवर नक्कलेवरच शाबासकी मिळाली, ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक फोटो दाखवून 'असंच पाहिजे' म्हणतं, त्याला एका ओळीच्या नकाराने काय कळणार? शेवटी ज्यांचा हात पक्का वाटला त्या सगळ्यांना उलट निरोप धाडला: याच हाताने तुमच्या घरातलं, वावरातलं किंवा रस्त्यावरचं एक चित्र करून पाठवा, मोबाइल न बघता.

काहींनी परत तोंड दाखवलं नाही. काहींनी परीक्षेतल्या स्मरणचित्रासारखा आठवडी बाजार पाठवला, ज्यात प्रत्येक माणूस बाजूने दिसतो आणि प्रत्येक टोपलीत सारखीच वांगी असतात. पण काहींनी जे पाठवलं ते बघून आम्ही गप्पच झालो. फ्लेक्सच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने जुन्या बॅनरची मागची बाजू पॉलिशपेपरने घासून तिच्यावर ॲक्रेलिकमध्ये रात्रीचं बसस्थानक रंगवलं होतं, शेवटची गाडी गेल्यानंतरचं. एका मुलाने काळी माती, गेरू आणि चुना एवढ्यावर हातकागदावर आपल्या वाड्याची पडकी भिंत उभी केली होती. आणि त्या मुलीची तीन चित्रं आली.

ती एटीडी झालेली, आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते. तिन्ही चित्रं कोळशातली, पूर्ण ताव कागदावर. पहिल्यात कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बायांची रांग, चेहरे दिसत नाहीत. दुसऱ्यात बांधावर लिंबाच्या फांदीला टांगलेला काटा, काट्याला लटकलेलं गाठोडं, आणि गाठोड्याला खालून किंचित टेकलेला एक पुरुषी हात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे ज्याला माहीत आहे त्याला तो हात बघून जास्त सांगावं लागत नाही. तिसऱ्यात फक्त दोन तळवे, बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेले.

कोळसाही तिचा स्वतःचा होता. पत्र्याच्या डब्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या ठासून भरायच्या, झाकणाला खिळ्याने बारीक भोक पाडायचं आणि डबा चुलीत ठेवायचा. भोकातून येणारा धूर थांबला की डबा बाहेर काढायचा आणि पार थंड होईस्तोवर उघडायचा नाही. घाई केली, हवा आत गेली, की हातात राखच येते. दुकानातला कोळसा मिळत नाही म्हणून तिने हे सुरू केलं, पण आता म्हणते की पऱ्हाटीचा कोळसा जरा खरखरीत उमटतो आणि तिला तोच पाहिजे.

फ्रेम, भिंत, चिठ्ठी, किंमत

गावातल्या फ्रेमच्या दुकानात रोजचं काम म्हणजे देवांच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो. सोनेरी पट्टी, फोटोला चिकटवून काच, मागून प्लाय, झालं. कोळशाच्या चित्राला हे चालत नाही; काच कागदाला टेकली की भुकटी काचेवर जाते आणि चित्र पुसट होतं. दुकानदाराने काचेऐवजी ॲक्रेलिक शीट सुचवली, फुटायची भीती नाही म्हणून. पण त्या शीटवर स्थिर वीज जमते आणि ती कोळशाची भुकटी स्वतःकडे खेचते. मग काचच ठरली, आणि काच व कागद यांत अंतर राहावं म्हणून माउंट बोर्डाची खिडकी कापायची. त्यांनी माउंट कधी कापलेला नव्हता. पहिले कोपरे फाटके निघाले. मग त्यांनी चपला शिवणाऱ्या शेजाऱ्याची रापी मागून आणली, लोखंडी पट्टी धरून तिरपा काप घेतला आणि असा सरळ कोपरा काढून दाखवला की आम्ही बघत राहिलो. आता त्यांच्या दुकानाच्या काचेवर 'माउंट करून मिळेल' अशी पाटी आहे.

गोदामाच्या भिंतीत खिळा ठोकला की चुना ढासळतो. म्हणून वरून पाइप टाकून तारेने चित्रं सोडली. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटिमीटरवर ठेवायचा असा सर्वसाधारण संकेत आहे. आम्ही थोडा खाली घेतला, कारण बघायला शाळेची मुलंही येणार होती. पत्र्यात मधे मधे पारदर्शक पत्रे बसवलेले आहेत, तिथून दुपारी उन्हाचे पट्टे थेट भिंतीवर उतरतात. कागदावरच्या कामाला संग्रहालयांत 50 लक्सच्या आसपास मंद उजेड ठेवतात. आमच्याकडे तेवढं काटेकोर होणार नव्हतं, पण मांजरपाट ताणून ऊन तरी अडवलं. ते मांजरपाटही अण्णांनीच दिलं.

चिठ्ठ्यांवर काय लिहायचं यावर बरीच चर्चा झाली. एका मुलाने हळूच येऊन सांगितलं, माझं आडनाव नका लिहू, नुसतं नाव आणि गाव लिहा. त्याचं कारण आमच्यापैकी कुणालाही विचारायची गरज पडली नाही. मग सगळ्यांच्याच चिठ्ठीवर नाव आणि गाव एवढंच ठेवलं. याचा न ठरवलेला फायदा असा झाला, की आठवडी बाजाराच्या दिवशी आलेले लोक आपापल्या गावाची चिठ्ठी शोधत फिरले आणि त्या चित्रापुढे जास्त वेळ थांबले. 'हे तर आमच्या इकडचंच दिसू लालंय की,' असं म्हणणारे किती तरी जण मी स्वतः ऐकले.

किंमत ठरवताना नवीन मुलं एक तर पाचशे म्हणतात, नाही तर इंटरनेटवर बघून पन्नास हजार. आम्ही त्यांना हिशेब घालून दिला: साहित्य, फ्रेम, आणि जितके दिवस काम केलं तितक्या दिवसांची गावातल्या गवंड्याची मजुरी. यापेक्षा खाली जायचं नाही, वर जायचं तर तुमची मर्जी. चित्रकाराने आपला दिवस गवंड्याच्या दिवसापेक्षा स्वस्त लावू नये, एवढंच त्यामागे. पालकांनाही हा हिशेब लगेच कळला, आणि त्याचा मला आनंद वाटला. विक्रीतला 15 टक्के हिस्सा केंद्राचा, बाकी चित्रकाराचा, पैसे बँकेतून आणि रीतसर पावतीवर.

करारपत्र

वकीलबाई नसत्या तर हे प्रकरण वेगळ्याच वळणाला गेलं असतं. चित्रं ताब्यात घेताना प्रत्येक चित्रकाराशी एका पानाचं करारपत्र करायचंच, असा त्यांनी हट्ट धरला. बाकीच्यांना ते जरा खटकलं. घरचंच कार्य आहे, त्यात कागद कशाला? पण त्यांनी ऐकलं नाही. मराठीत, मोठ्या टायपात, पाच-सहा मुद्दे. चित्र केंद्राकडे फक्त सांभाळायला आणि दाखवायला आहे, मालकी चित्रकाराची. विकायचं की नाही हे चित्रकार ठरवणार. फोटो छापायचा तर नावासह. आणि एक मुद्दा त्यांनी असाच घालून ठेवला होता: प्रदर्शनाचा शेवटचा दिवस संपेपर्यंत कुठलंही चित्र, विकलं गेलेलं असलं तरी, भिंतीवरून हलणार नाही.

यात कायद्याने नवीन काही नव्हतं. आपली वस्तू दुसऱ्याकडे ठरावीक कामासाठी सोपवली तर त्याला भारतीय करार अधिनियम 1872 निक्षेप म्हणतो. वस्तू घेणाऱ्याने ती शहाण्या माणसासारखी सांभाळायची आणि काम झालं की परत करायची. ती तिसऱ्याला देऊन टाकण्याचा हक्क त्याला नाही. कॉपीराइट अधिनियम 1957 तर यापुढे जातो. मूळ चित्र विकलं तरी त्याच्या प्रती काढण्याचा, छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, सही करून लेखी दिल्याशिवाय जात नाही, आणि मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. पैसे देऊन, सांगून करून घेतलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. हे आमच्या मुलांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. एटीडीच्या दोन वर्षांत त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

उद्घाटन

प्रमुख पाहुणे तालुक्यातले एक उद्योजक. दीपप्रज्वलनाआधी त्यांनी प्रदर्शन फिरून बघितलं आणि काट्याच्या चित्रापुढे थांबले. बराच वेळ थांबले. मग शेजारी उभ्या असलेल्या अण्णांना म्हणाले, माझी आजी अशीच लोकांच्या रानात वेचायला जायची. हे त्यांनी दिखाव्यासाठी म्हटलं नव्हतं, आवाजावरून कळत होतं. अण्णांच्या मनात तिथेच ठरलं. शाल-श्रीफळ तर सगळेच देतात; माणसाच्या काळजाला लागलेली वस्तू त्याला द्यावी, यापेक्षा मोठा मान कोणता? आणि गोदामाचा पत्रा बदलायचा आहे, हाही विचार त्यांच्या मनात होता. तो त्यांनी नंतर मोकळेपणाने बोलून दाखवला.

घोषणा झाली तेव्हा मी मुलीकडे पाहिलं. तिनेही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, ती काय करणार होती? स्टेजवर बोलावून तिच्याच हातून चित्र द्यायचा बेत होता. तबल्याचे सर सूत्रसंचालन करत होते. त्यांनी प्रसंग ओळखला आणि माइकवर सांगितलं, की करारानुसार चित्रं आठवडाभर भिंतीवरच राहतील, त्यामुळे मान्यवरांना ती समारोपानंतर मिळतील. वकीलबाईंच्या त्या एका मुद्द्याने आम्हाला आठवडा मिळाला.

मधले दिवस

त्याच रात्री केंद्रात बैठक झाली. सर्वांत सोपा मार्ग मुख्याध्यापकांनी सुचवला: मुलीने चित्राची किंमत सांगावी, केंद्राने ती द्यावी, विषय संपला. वरवर पाहता यात कुणाचंच नुकसान नाही. पण 'विक्रीसाठी नाही' याचा अर्थ किंमत पुरेशी वाढवली की विक्रीसाठी, असा होत नाही. दुसरी अडचण हिशेबाची. विश्वस्त संस्थेचा पैसा तिच्या उद्देशांसाठी असतो. पाहुण्यांच्या भेटीसाठी तो कुठल्या खात्यातून काढायचा, हे लेखापरीक्षणात सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला विचारलं. ती आधी काहीच बोलेना. मग म्हणाली, 'मॅडम, पैशाचं काही नाही. तिन्ही मिळून एकच आहे ते. मधलं गेलं तर राहिलेल्या दोन्हींचं काय?' मग म्हणाली, 'आणि मी टाळ्या वाजवल्या. आता नाही म्हणलं तर कसं दिसंल?'

हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. तिच्या संमतीची जागा टाळ्यांनी घेतली होती. भर सभेत मोठ्या माणसाने जाहीर केलेली गोष्ट नाकारायची ताकद बावीस-तेवीस वर्षांच्या, नोकरीची वाट बघणाऱ्या मुलीकडे कुठून येणार? तिने मान डोलावली म्हणून तिची तयारी आहे, असं समजणारी संस्था तिच्या अडचणीचा फायदा घेते, भले हेतू कितीही चांगला असो. संस्था तिच्यापेक्षा मोठी आहे, म्हणून नाही म्हणायचं काम संस्थेने करायला हवं. बैठकीत मी हेच मांडलं, आणि तबल्याच्या सरांनी व वकीलबाईंनी उचलून धरलं.

घरूनही तिच्यावर दबाव आला. वडील म्हणाले, एवढे पैसे कोण देतंय, देऊन टाक. त्यांचंही चूक म्हणवत नाही. सोयाबीनचा भाव पडलेला, दुकानाची उधारी थकलेली. आई मात्र बाजाराच्या दिवशी सोबतच्या बायांना घेऊन प्रदर्शन बघायला आली. संध्याकाळी, रानातून परतताना. वेचणीला जाणाऱ्या बायांना येता यावं म्हणून आम्ही रात्री आठपर्यंत दार उघडं ठेवायचं ठरवलं होतं. काट्यापुढे त्या घोळक्याने उभ्या राहिल्या. कुणी हसलं, कुणी डोक्यावरचा पदर सारखा केला. आई एवढंच म्हणाली, 'काटा बरुबर काढलाय. त्यो हात बी.' मग लेकीकडे वळून म्हणाली, 'देऊ नगंस.'

त्या आठवड्यातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. एका सहभागी मुलाच्या आईने सुचवलं, की या वेळचं गल्लीचं हळदीकुंकू गोदामातच करू. तिळगूळ, वाण, आणि चारी भिंतींवर चित्रं. ज्या बायका 'आम्हाला काय कळतंय त्यातलं' म्हणून आल्या नसत्या, त्या आल्या आणि तासभर रेंगाळल्या. वाड्याच्या भिंतीच्या चित्रासमोर एका आजीने सांगितलं, की हा चुना ताजा नाही, असा रंग किमान चार पावसाळे खाल्ल्यावर येतो. ज्याने ते काढलं तो मुलगा ते ऐकून लाल झाला. इतकी नेमकी दाद त्याला कॉलेजात कधी मिळाली नव्हती.

पाहुण्यांची भेट

समारोपाच्या आधी वकीलबाई आणि तबल्याचे सर पाहुण्यांना जाऊन भेटले. काही न लपवता सगळं सांगितलं: चित्र त्या मुलीचं आहे, आम्हाला द्यायचा अधिकार नव्हता, तिची ते द्यायची इच्छा नाही, क्षमा असावी. पाहुणे म्हणाले, 'मला वाटलं तुम्ही तिला विचारूनच जाहीर केलं असणार. नाही तर मी घेतलंच नसतं.' विषय तिथेच संपला. शेवटच्या दिवशी ते घरच्यांना घेऊन परत आले, बसस्थानकाचं चित्र आणि आणखी एक चित्र चिठ्ठीवरच्या किमतीला विकत घेऊन गेले. मुलीशी बोलले. काय बोलले ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

म्हणजे ज्याच्यापुढे नाही म्हणायची सगळ्यांना भीती वाटत होती, त्याने ते नाही सहज घेतलं. नेहमीच असं होईल असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एखाद्या गावात दुसरा पाहुणा रुसला असता, आणि तरीही उत्तर तेच द्यावं लागलं असतं.

किंमत चुकवावी लागली ती वेगळ्याच ठिकाणी. अण्णा दुखावले. भर सभेत दिलेला शब्द संस्थेने मागे घेतला, आपल्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं त्यांना वाटलं. ते बैठकांना यायचे थांबले. पुढच्या कार्यक्रमाला खुर्च्या आणि माइक भाड्याने आणावे लागले, आणि त्या बिलाने शिबिराच्या रंगांचे पैसे खाल्ले. गावातही बोलणं झालं. पोरगी शेफारली, एवढा मोठा माणूस मागत होता तरी दिलं नाही. हे बोलणं तिच्या घरापर्यंत गेलं. अण्णांना पाहुण्यांकडे सोबत न्यायला हवं होतं असं मुख्याध्यापक म्हणतात, आणि ते मला पटतं. मान त्यांच्या हातून जाहीर झाला होता, तर उलगडाही त्यांच्या तोंडून झाला असता तर त्यांना तो पराभव वाटला नसता.

आता काय बदललं

करारपत्र राहिलं, आणि आता ते ताब्यात घेताना चित्रकारापुढे मोठ्याने वाचलं जातं. विश्वस्तांनीही त्यावर सह्या करायच्या, हे नवीन. पाहुण्यांना द्यायची भेट प्रदर्शनाच्या आधी ठरते: एखाद्या चित्राची छापील प्रत, चित्रकाराची लेखी परवानगी घेऊन आणि त्याला मानधन देऊन. चित्रकाराला स्वतःहून मूळ चित्र कुणाला द्यावंसं वाटलं तर त्याने ते समारोपानंतर, आपल्या हाताने लिहून द्यावं. कार्यक्रम चालू असताना ती गोष्ट काढायची नाही.

दोन गोष्टींवर अजून एकमत नाही. फ्रेमचा खर्च आज मुलांवर पडतो आणि चांगल्या चांगल्या मुलांना तो अडवतो. केंद्राने तो उचल म्हणून द्यावा आणि विक्रीतून वळता करावा असं माझं म्हणणं आहे. विक्री झालीच नाही तर काय, असं मुख्याध्यापक विचारतात, आणि केंद्राची शिल्लक पाहता त्यांचा प्रश्न खोटा नाही. दुसरी गोष्ट अण्णांची. येत्या प्रदर्शनाच्या मांडणीसाठी मांजरपाट लागणार आहे. ते मागायला या वेळी ती मुलगी आणि वकीलबाई दोघी मिळून त्यांच्या घरी जाणार आहेत.